हेडलाइटवरचा पापुद्रा

आमच्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडले आहेत, हे मला एका सरकारी माणसाने सांगावं, हेच मला जास्त लागलं. गाडी माझी, रोज सकाळी फडकं मारतो मी, आणि बघणारा कोण, तर ड्रायव्हिंगची परीक्षा घेणारे निरीक्षकसाहेब! लेकीची परीक्षा होती. परीक्षेला गाडी आपली आपण आणायची असते. साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली, दिव्यांपाशी वाकले, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू झालाय. इलाज करून आणा, मग परीक्षा." पुढच्या गाडीला त्यांनी हाक मारली आणि आम्ही घरी आलो. लेक वाटेतच फोनवर परीक्षेची नवी वेळ शोधायला लागली.

घाई होतीच तशी. तिला पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. काम असं, की गाडी घेऊन गावोगाव जायचं, विहिरीतलं, टाकीतलं पाणी बाटल्यांत भरायचं आणि आणून तपासायचं. त्यामुळे गाडी चालवण्याचा परवाना हवाच. सोमवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत परवाना किंवा निदान परीक्षा पास झाल्याची चिठ्ठी दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. आणि परीक्षेची नवी वेळ मिळाली ती नेमकी त्याच सोमवारी सकाळी. म्हणजे सोमवारी हेडलाइट पास झाले नाहीत तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर परवाना नाही आणि परवाना नाही तर नोकरी नाही. इतकं सगळं दोन दिव्यांवर लटकलेलं होतं, आणि दिव्यांची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली.

घेणारच. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या दाव्यांचा विभाग सांभाळतो. जगात काय काय फुटतं, गळतं, पेटतं आणि घसरतं, हे माझ्याइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलं असेल. साहजिकच आमच्या घरात वस्तूंची काळजी घेतली जाते. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. सोफ्याला कव्हर आहे आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. लेकीचं पदवीचं प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून घेतलं, आणि लॅमिनेशनला ओरखडे पडू नयेत म्हणून ते फोल्डरमध्ये ठेवलं. गाडीच्या सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. उन्हाळ्यात पाहुणे त्याला चिकटतात, हे खरं. पण पाहुणे काय, येतात आणि जातात. सीट आपल्याकडे राहते.

गॅरेजवाल्याला दिवे दाखवले. तो म्हणाला, "काच घासून पॉलिश करावी लागेल. पण पुन्हा पिवळी पडणार."

"कायमचा इलाज काय?"

"वरून फिल्म बसवायची. पारदर्शक असते. ऊन, खडे, ओरखडे, सगळं फिल्मवर जातं, काच शाबूत राहते. पण साहेब, आत्ता त्या भानगडीत पडू नका. परीक्षा होऊ दे, मग निवांत बघू."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही असं नाही. पण ते फिल्म हा शब्द ऐकल्यानंतर ऐकलं. इतकी वर्षं मी या गाडीची आतून काळजी घेत होतो आणि बाहेरून तिला पांघरायला काही मिळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी त्याच दिवशी बाजारातून फिल्मची गुंडाळी घेऊन आलो. पॉलिशही घरीच करायचं ठरवलं. दुसऱ्याच्या हातात दिवे द्यायचे आणि आपण स्टुलावर बसून बघायचं, हे मला जमत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरबाई राहतात. मी हेडलाइट घासायला बसलेला पाहून त्या दवाखान्यात जाता जाता थांबल्या.

"किती वर्षं दाखवले नव्हते?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"तेच म्हणते मी." त्यांनी पर्स कट्ट्यावर ठेवली. "टूथपेस्टने घासा. गोल गोल घासायचं, आडवं नाही. आणि जोर लावू नका. सगळे जोर लावतात आणि मग आमच्याकडे येतात."

मी गोल गोल घासलं. जोर लावला नाही. आणि खोटं कशाला सांगू, काच अशी काही निघाली की आतली तार दिसायला लागली. बायको खाली येऊन बघून गेली. तिने नुसतंच "हं" म्हटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला क्वचितच मिळालंय. लेक तर खूश झाली. म्हणाली, "बाबा, मस्त झालेत! आता यांना हात लावू नका."

पोरीचा हेतू चांगला होता. पण उघडी, नुकती स्वच्छ झालेली काच सोमवारपर्यंत तशीच ठेवायची? अहो, कावळे आहेत, धूळ आहे, शेजारच्या मुलांचा चेंडू आहे. दाव्यांच्या विभागात बसून मी लोकांना हेच विचारत आलोय, की तुम्हाला धोका दिसत होता तर तुम्ही काय केलंत? मी शनिवारी सकाळी साबणाचं पाणी केलं आणि फिल्म उलगडली.

फिल्म बसवणं दिसायला सोपं आहे. मागचा कागद सोडवायचा, काच ओली करायची, फिल्म ठेवायची आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं. माझा पहिला तुकडा स्वतःलाच चिकटला. दुसरा माझ्या कोपराला चिकटला, आणि तिथे मात्र तो एक बुडबुडा न येता बसला. त्यानंतर मला अंदाज आला. दुपारपर्यंत दोन्ही दिव्यांवर फिल्म बसली. कडेला थोड्या सुरकुत्या होत्या, पण वयाच्या मानाने कुणाला नसतात?

आता मुद्द्याची गोष्ट. फिल्मच्या वरच्या अंगाला आणखी एक पातळ पापुद्रा असतो. बसवताना फिल्मला ओरखडे पडू नयेत म्हणून. काम झालं की हा पापुद्रा काढून टाका, असं सोबतच्या कागदावर ठळक छापलं होतं. मी ते वाचलं. आमच्या घरात असं पुष्कळ वस्तूंवर छापलेलं असतं. मी शांतपणे विचार केला. फिल्म काचेचं रक्षण करणार, कबूल. पण फिल्मचं रक्षण कोण करणार? पापुद्रा सोमवारपर्यंत राहू द्यायचा आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत ओढून काढायचा, की खाली दिवा कोरा करकरीत. हा बेत मला इतका आवडला की मी तो कुणालाच सांगितला नाही.

तेवढ्यात कर्नल आले. कर्नल हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं टोपणनाव. सैन्याशी त्यांचा संबंध नाही, त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. पण ते पहाटे उठतात आणि दुसऱ्याच्या कामाकडे हात मागे बांधून बघतात. त्यांनी दोन्ही दिव्यांची पाहणी केली.

"काम बरं आहे," ते म्हणाले. "पण कडा उघड्या आहेत. पाणी आत शिरणार. कडा सील कर."

"कशाने, काका?"

"नेलपॉलिशने. बिनरंगी. आमच्या दुकानात नकाशांच्या कडा मी तशाच सील करायचो. एक नकाशा कधी फाटला नाही."

बायको भाजी आणायला गेली होती. तिच्या ड्रॉवरमध्ये बिनरंगी बाटली मिळाली. विचारून घ्यायला हवी होती, हे मान्य. पण ती आली असती, तिने कशाला म्हणून विचारलं असतं, आणि उजेड गेला असता. मी दोन्ही दिव्यांच्या कडेने बारीक हाताने नेलपॉलिश फिरवलं. कर्नल मागे उभे राहून "पुढे, पुढे" म्हणत होते. काम संपल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटू दिली.

रविवारी दिवसभर ऊन होतं. गाडी उन्हात उभी होती. संध्याकाळी लेक सरावाला निघाली आणि लगेच परत आली. "बाबा, दिव्यांना काय झालंय?"

दिवे पांढरे झाले होते. दुधाच्या पिशवीसारखे. पापुद्र्याखाली राहिलेलं पाणी उन्हाने वाफाळलं होतं आणि कर्नलच्या सीलमुळे त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. शिवाय मावळतीच्या तिरप्या उन्हात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बाटली बिनरंगी होती खरी, पण तिच्यात चमकी होती. दोन्ही हेडलाइट कडेने लुकलुकत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "वरचा पापुद्रा आहे. उद्या तिथे गेल्यावर काढायचाय."

"आत्ता का नाही?"

"उद्या काढायचाय ना, म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मागे येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे बघितलं. बायको चमकीकडे बघत होती. "माझी बाटली," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी मात्र निर्धास्त होतो. उद्याचा बेत फक्त मलाच ठाऊक होता ना.

सोमवारी सकाळी आम्ही परीक्षेच्या मैदानावर पोचलो. मी खाली उतरलो, बाह्या सरसावल्या आणि पापुद्र्याची कड शोधायला लागलो. कड नव्हती. कड नेलपॉलिशखाली होती. नखाने खरवडलं, किल्लीने उचकटलं, तर किल्ली घसरून बंपरवर ओरखडा उठला. एवढ्यात साहेब आलेच.

"दिवे लावा."

लेकीने दिवे लावले.

"लावा," साहेब म्हणाले.

"लावलेत, सर."

साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "मोतीबिंदू बरा होता," ते म्हणाले. "हे काय चिकटवलंय?"

"संरक्षक फिल्म," मी पुढे झालो. "त्याचं असं आहे साहेब, वरचा एक पापुद्रा तेवढा..."

"दिव्यावर काही चिकटवलं असेल तर खिडकीवरून मंजुरी आणा. नाहीतर काढून टाका. माझ्या उरलेल्या गाड्या बघून होईपर्यंत थांबतो. त्यानंतर मी जेवायला जातो, आणि दुपारनंतर परीक्षा नसते."

लेकीचा चेहरा उतरला. ती नव्या नोकरीचे कपडे घालून आली होती. परीक्षा झाली की तिथूनच ऑफिसला जायचं, असा तिचा बेत होता. मी तिला म्हणालो, "तू गाडीत बस. ऑफिसचं काम आहे, ते माझ्यावर सोड." ऑफिस म्हटल्यावर मला बळ येतं. आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेलंय. बाहेरच्या बाजूची सवय नाही, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं.

पहिल्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "हा गाडीत केलेला बदल आहे की सजावट?"

"दोन्ही नाही. संरक्षण आहे."

"संरक्षण आमच्याकडे नाही. बदल असेल तर गाडीच्या कंपनीचं संमतिपत्र लागेल. सजावट असेल तर शेजारची खिडकी."

कंपनीचं संमतिपत्र जेवणाच्या सुट्टीच्या आत येणं कठीण होतं. मी शेजारच्या खिडकीवर गेलो. तिथल्या गृहस्थांना गाडी लांबून दिसत होती. त्यांनी मान उंचावून बघितलं. "चमकी आहे ना कडेला? मग सजावटच."

"ती चमकी चुकून आलीय."

"चुकून आलेली सजावट," त्यांनी मान डोलावली. "कारण सांगा. सजावट कशासाठी केली?"

मी विमा कंपनीतला वरिष्ठ अधिकारी. माझ्या सहीशिवाय लोकांच्या जळालेल्या कारखान्यांचे पैसे सुटत नाहीत. आणि मी, चष्मा पुसत, एका खिडकीसमोर उभा राहून सांगत होतो, की गाडीच्या हेडलाइटला मी नटवलेलं नाही. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काका, हौस म्हणा आणि मोकळे व्हा." मी हौस म्हणणार नव्हतो. तत्त्वाचा प्रश्न होता. माझा त्या गृहस्थांशी चांगलाच वाद जुंपला. मी त्यांना संरक्षण आणि सजावट यांतला फरक उदाहरणांसह समजावून दिला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग बदलाच्या खिडकीवर जा."

मी मागे वळून पाहिलं. मैदानात गाड्यांची रांग पार ओसरली होती. साहेब शेवटच्या गाडीपाशी होते. आणि आमच्या गाडीसमोर, नव्या कपड्यांत, लेक गुडघे टेकून बसली होती.

मी धावलो. धावता धावता कर्नलना फोन लावला, कारण सील त्यांचं होतं. "नेलपॉलिश रिमूव्हर ओत!" ते ओरडले. "आत्ताच्या आत्ता निघेल!"

"कर्नल रिमूव्हर ओतायला सांगतायत," मी लेकीला म्हणालो. "मी आणतो कुठून तरी."

"बाबा, ही काच नाही, प्लॅस्टिक आहे. रिमूव्हरने दिवाच विरघळेल. मग पांढरा पापुद्रा नाही, पांढरा दिवा होईल." तिने वर न बघता सांगितलं. मैदानाबाहेरच्या चहावाल्याकडून तिने किटलीभर गरम पाणी आणलं होतं. ते धारेने कडेवर सोडत होती आणि नखाने खरवडत होती. एका दिव्याची चमकी निघाली होती. ती आता तिच्या बोटांना लागली होती.

"दे, मी करतो."

"बाबा," ती म्हणाली, "बाजूला व्हा."

आवाज चढवला नव्हता. तिने लहानपणापासून माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेलं मला आठवत नाही. चढवला असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी बाजूला झालो.

तिने कड पकडली आणि ओढली. पापुद्रा आला, त्याच्यामागे माझी फिल्म आली, शनिवारची सगळी सकाळ सर्रकन एका हातात आली. मग दुसरा दिवा. खाली काच तशीच होती, गोल गोल घासलेली, बिनडागाची. तिने ओढणीच्या टोकाने पुसली आणि उभी राहून साहेबांना हाक मारली.

साहेब आले. दिवे लावून बघितले. "आता कसं," ते म्हणाले आणि गाडीत बसले. बसताना प्लॅस्टिकचा आवाज झाला. त्यांनी सीटकडे बघितलं, मग काचेतून माझ्याकडे बघितलं. लेकीने गाडी सुरू केली.

मी कुंपणाच्या भिंतीपाशी उभा राहिलो. हातात फिल्मचे ते दोन चुरगळलेले तुकडे होते. आतापर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं, पण आता नाही. ती नापास झाली तर खापर दिव्यांवर फुटणार नव्हतं. ती नोकरी तिने स्वतः शोधली होती, मुलाखतीला स्वतः गेली होती, गाडीही ती शिकवणीला जाऊन शिकली होती. त्या सगळ्यात मला कुठे हात लावायला जागाच नव्हती. दिव्यांना होती. एवढंच कारण. खिडकीतल्या गृहस्थांनी कारण विचारलं तेव्हा हे सुचलं असतं तरी कुठल्या खिडकीत बसलं असतं, कोण जाणे.

तिने गाडी खांबांमधून वळवली. चढावर थांबवली, पुन्हा उचलली, तसूभर मागे गेली नाही. मग उलटी घेत घेत रेषांच्या आत आणून उभी केली. इतकी सरळ, की मला आजवर जमलेली नाही. साहेब उतरले, तिला काहीतरी म्हणाले आणि ती हसली. तेव्हा कुठे मी भिंतीपासून हललो.

पास झाल्याची चिठ्ठी हातात पडल्यावर ती गाडीकडे आली आणि मला एकदम मिठी मारली. मी म्हणालो, "चल, तुला ऑफिसला सोडतो." मग लक्षात आलं, की सोडायचं ते तिने. मी वळसा घालून शेजारच्या सीटकडे गेलो आणि दाराला हात घातला.

तिने काच खाली केली. जरा घुटमळली.

"बाबा, तुम्ही बसने जाल का?"

"का गं?"

"तुम्ही शेजारी बसलात ना, की सारखा पाय दाबता. खाली ब्रेक नसतो तरी. मला आवाज येतो त्या प्लॅस्टिकचा. मग मीही उगीच ब्रेक मारते." मग घाईघाईने म्हणाली, "फक्त आजच्या दिवस. पहिलाच दिवस आहे ना माझा."

"अगं, जा की," मी म्हणालो. "मला बस सोयीची आहे."

बस अजिबात सोयीची नव्हती, दोन ठिकाणी बदलावी लागते. ती गेली. फाटकातून बाहेर पडताना तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि बरोबर वळली. मी हात हलवला, पण तिचं लक्ष रस्त्यावर होतं. तिथेच असायला हवं. मला वाईट वाटलं. आनंदही झाला, नाही असं नाही, पण वाईट आधी वाटलं.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली. बायकोला फोन करून सांगितलं, पास झाली, ऑफिसला गेली, एकटी गेली. ती म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, "मी येतोय." मग खिडकीबाहेर बघत बसलो. कुठे पोचली असेल, चौकात एखादा ट्रक आडवा आला तर तिला दिसला असेल का, असा हिशोब मनात चालू होता.

सिग्नल आला. बस थांबली. पुढे वळण आलं, मग पुन्हा एक सिग्नल. तिथे ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "माझ्या सीटला मागून लाथा मारू नका. ब्रेक माझ्याकडे आहे."